बुद्धिबळ स्पर्धेच्या हॉलबाहेर थांबणाऱ्या पालकांना खुले पत्र

पालकहो,

सप्रेम नमस्कार.

फेरी संपत आली की हॉलच्या दाराशी जी गर्दी होते, तिला उद्देशून हे पत्र लिहितो आहे. आत मुलं खेळत असतात, बाहेर तुम्ही ताटकळत असता. दार जरा किलकिलं झालं की सगळ्या माना तिकडे वळतात. मूल बाहेर येतं. त्याचा चेहरा आणि हातातली स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेला कागद, बघूनच निकाल कळतो. नीट घडी घातलेली असेल तर एक, चुरगळलेली असेल तर दुसरा. तरीही पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय झालं?"

मागे एका स्पर्धेत माझी एक विद्यार्थिनी अशीच बाहेर आली. नऊ वर्षांची. हरली होती, ओठ घट्ट मिटलेले होते. वडिलांनी तिच्या हातातली शीट घेतली, भिंतीला टेकून उभ्या उभ्या सगळ्या चाली मोबाईलमध्ये भरल्या आणि इंजिन, म्हणजे चाली तपासणारा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम, लावलं. "अगं, अठराव्या चालीला तू सरळ जिंकत होतीस! घोडा का नाही हलवलास?"

ती म्हणाली, "मला वाटलं, घोडा..." आणि थांबली. वडिलांनी तोवर स्क्रीन तिच्यासमोर धरली होती. "हे बघ. घोडा इथे. की संपलाच डाव." तिने बघितलं, मान हलवली. पुढची फेरी सुरू होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

ते गृहस्थ रागावले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. सुट्टीचा अख्खा दिवस मुलीसाठी देणारा, चाली वाचता येणारा, कळकळीचा बाप. पण मुलीचं ते वाक्य अर्धंच राहिलं. मुलांना बुद्धिबळ शिकवून जे काही मिळतं असं मला वाटतं, ते बरंचसं त्या वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यात होतं. म्हणून हे पत्र.

तुमच्यापैकी बरेच जण पहिल्या दिवशी वर्गात येतात तेव्हा म्हणतात, "सर, गणित सुधारेल ना? एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती वाढेल असं ऐकलंय." मी सुरुवातीची कितीतरी वर्षं मान डोलवायचो. आता डोलवत नाही. कारण तपासून बघणाऱ्यांनी हे तपासलं आहे आणि उत्तर तितकं सोपं आलेलं नाही. इंग्लंडमध्ये १०० शाळांमधल्या सुमारे ४,००० मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभर शाळेच्या वेळात बुद्धिबळ शिकवलं आणि त्यानंतर एक वर्षाने त्यांच्या गणिताच्या गुणांची तुलना न शिकलेल्या मुलांशी केली. २०१६ मध्ये अहवाल आला. फरक दिसला नाही.

स्मरणशक्तीचंही तसंच. १९७० च्या दशकात मिशेलिन ची या संशोधिकेने बुद्धिबळात तयार झालेली साधारण दहा वर्षांची मुलं आणि त्यांच्यापेक्षा कच्चं खेळणारी मोठी माणसं यांना डावातली स्थिती थोडा वेळ दाखवली आणि आठवून मांडायला सांगितली. मुलांनी मोठ्यांना मागे टाकलं. मग आकड्यांच्या ओळी पाठ करायला दिल्या, तर मोठी माणसं पुढे गेली. त्याआधी १९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी दाखवलं होतं की खऱ्या डावातली स्थिती पट्टीचा खेळाडू पाच सेकंदांत डोळ्यांत साठवतो, पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली तर तोही नवशिक्याच्या आसपास येतो. म्हणजे बुद्धिबळाने बुद्धिबळाची स्मृती वाढते. पाढ्यांची आपोआप वाढेल याची हमी मी देऊ शकत नाही, आणि कुणी देत असेल तर त्याला विचारा की कशाच्या आधारावर.

आर्मेनिया या देशाने २०११ पासून दुसरी ते चौथीच्या मुलांना बुद्धिबळ हा सक्तीचा विषय केला. त्यांना त्यात जे मोल दिसलं ते मलाही दिसतं. फक्त ते गुणपत्रिकेच्या रकान्यात शोधू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. कुठे शोधावं, ते माझ्या वर्गातल्या रोजच्या अनुभवावरून सांगतो.

सहा वर्षांचं मूल पहिल्यांदा खेळायला बसतं तेव्हा ते एकटंच खेळत असतं. समोर कुणीतरी बसलंय, तेही मोहरी हलवतंय, पण ते सगळं जणू पावसासारखं, आपोआप घडणारं. "मी वजीर इथे नेणार, मग तिथे नेणार, मग मात!" कुणीतरी चार चालींत मात करायला शिकवलेलं असतं, वजीर आणि उंट दोघांनी मिळून समोरच्या राजाशेजारच्या एफ-७ घरावर घाव घालायचा. हे मूल प्रत्येक डावात तेच करतं. तीन-चार जण फसतात. पाचवा फसत नाही, त्याचा घोडा येऊन वजिराला पिटाळतो, आणि आपलं मूल गोंधळून जातं, कारण त्याच्या बेतात समोरच्याला चाल नव्हतीच.

मग कधीतरी, कुणाला दोन महिन्यांत, कुणाला वर्षभराने, एक दिवस येतो. मूल मोहऱ्याकडे हात नेतं. बोटं मोहऱ्याच्या अगदी वर येऊन थांबतात. हात मागे जातो. ओठ हलतात: "मी इथे गेलो, तर तो काय करेल?" वर्ग भरलेला असतो, गलका चाललेला असतो, आणि एवढीशी गोष्ट घडते. माझ्या लेखी त्या दिवशी त्या मुलाने बुद्धिबळ शिकायला सुरुवात केली. समोरच्यालाही मन आहे, त्यालाही बेत आहेत, आणि माझी चाल करण्याआधी मी त्याच्या खुर्चीत बसून बघायला हवं, हे त्याला कळलेलं असतं. हात लावलं ते मोहरं हलवावंच लागतं, हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून लावतो तो यासाठीच. नियमाने हात थांबतो, आणि हात थांबला की विचाराला जागा होते.

पण विचार केला म्हणजे तो बरोबर होता असं नाही. कुठे चुकला हे मुलाला कळायचं असेल, तर आधी आपण काय विचार केला होता हे त्याला आठवावं लागतं, शब्दांत मांडावं लागतं. "मला वाटलं तो उंट मारेल. म्हणून मी प्यादं पुढे ढकललं. पण त्याने उंट मारलाच नाही, हत्ती उघड्या फळीत आणला." हे असं सलग बोलता येणं ही लहान मुलासाठी मोठी मजल आहे. त्यात अंदाज आहे, त्यावरून घेतलेला निर्णय आहे, आणि अंदाज कुठे फसला याची प्रामाणिक कबुली आहे. कितीतरी मोठ्या माणसांना स्वतःच्या निर्णयांबद्दल असं बोलता येत नाही. मुलाला हे जमायला लागतं ते डाव संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात. तोच अर्धा तास हॉलबाहेर मोबाईलमध्ये जातो.

इंजिनाबद्दल गैरसमज नको. तयार खेळाडूला ते लागतंच, मीही वापरतो. ते कुठल्याही विश्वविजेत्यापेक्षा सरस खेळतं. पण ते आकडा देतं आणि चाल दाखवतं. अमुक चाल का सुचायला हवी होती हे ते सांगत नाही, आणि मुलाला ती का सुचली नाही हे तर त्याला कधीच कळणार नाही. उत्तर आधी दिसलं की मूल स्वतःचा विचार आठवायचं सोडून देतं. "हो, घोडा हलवायला हवा होता." झालं. पुढच्या वेळी घोडा वेगळ्या घरात असतो आणि तीच चूक पुन्हा होते.

गुकेशचं उदाहरण देतो, कारण त्याचं नाव तुम्हीच मला रोज सांगता. तो १२ वर्षं ७ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. त्या वाटेवरचे त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला इंजिनापासून दूर ठेवलं होतं. स्थितीचं मूल्यमापन त्याने स्वतः करायचं, चूक असेल तर स्वतःच्या विश्लेषणातून शोधायची. प्रत्येकाने तंतोतंत तसंच करावं असं मी म्हणणार नाही, ते मूल वेगळं, ती मेहनत वेगळी. पण अर्धा तास तरी?

त्या अर्ध्या तासात काय करायचं, तर पट मांडायचा. शक्य असेल तर समोरच्या मुलालाही बोलवायचं. आत तासाभरापूर्वी एकमेकांकडे न बघणारी दोन मुलं बाहेरच्या बाकावर एका पटावर वाकून "तू इथे हे केलं असतंस तर मी मेलो होतो!" असं हसत बोलताना मी पाहिली आहेत, आणि या खेळात मला त्याहून आवडणारं दृश्य नाही. स्कोअरशीट मुलाच्याच हातात असू द्या. ती त्याने स्वतः लिहिलेली आहे, चाल आधी पटावर करून मग लिहिलेली, प्रसंगी पेन्सिल थरथरत असताना लिहिलेली. तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर उत्तमच. ज्या आईला उंट आणि घोडा यांतला फरकही नीट ठाऊक नव्हता, तिच्या मुलाने डाव सगळ्यांत छान समजावून सांगितलेला मी ऐकला आहे, कारण तिला खरंच समजावून सांगावं लागत होतं. "इथे तू खूप वेळ घेतलास का? काय चाललं होतं डोक्यात?" एवढं विचारलं की पुरतं. मग गप्प बसायचं. मूल अडखळेल, मागे जाईल, "थांब, आधी ते झालं होतं" म्हणून चाली परत घेईल. ते अडखळणं म्हणजेच काम चाललेलं असतं. रडायला येत असेल तर आधी रडू द्या, पट दहा मिनिटांनी मांडा.

आणि डाव जिंकला असेल तरी हे करा. जिंकलेल्या डावातल्या चुका कुणीच बघत नाही.

आता तुमच्या एका तक्रारीबद्दल. "चार महिने झाले, अजून ओपनिंग शिकवली नाही." खरं आहे, ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली मी शिकवत नाही. मी सुरुवात करतो ती फक्त प्याद्यांनी. दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, जो आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. मग त्यात राजे येतात. मग एक राजा आणि एक प्यादं विरुद्ध नुसता राजा. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल कुणाची आहे यावर जिंकायचं की बरोबरी व्हायची हे ठरतं. याला ऑपोझिशन म्हणतात. मुलांना यात जादू वाटते: तीच मोहरी, तीच घरं, फक्त "आता तुझी चाल" म्हटलं की निकाल बदलतो. पटावर तीनच मोहरी असली की मूल शेवटपर्यंत मोजू शकतं, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करू शकतं. पूर्ण पटावर ते अशक्य असतं. पांढऱ्याला पहिल्याच चालीला २० पर्याय असतात, काळ्यालाही तेवढेच, म्हणजे एकेक चाल झाली की ४०० वेगवेगळ्या स्थिती. तिथे मूल फक्त पाठ करू शकतं. १९२१ ते १९२७ विश्वविजेता असलेला कॅपाब्लांकाही म्हणायचा की अभ्यास अंतपर्वापासून, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरतात त्या शेवटच्या टप्प्यापासून, सुरू करावा.

यात फक्त लहान मुलांचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर १२ डिसेंबर २०२४ चा डाव आठवा. जगज्जेतेपदाची १४ वी, शेवटची फेरी. गुणसंख्या बरोबरीत. हा डाव बरोबरीत सुटणार असं बघणारे सगळे धरून चालले होते. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेन सहज तग धरून होता. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर नेला. त्याने हत्तींची मारामारी झाली, पाठोपाठ उंटांचीही, आणि उरले दोन राजे, दोन प्यादी विरुद्ध एक. वर्गातल्या मुलांना मी जो धडा देतो त्याच जातकुळीतलं अंतपर्व, आणि ते डिंग हरत होता. ५८ व्या चालीनंतर त्याने हात पुढे केला. १८ वर्षांचा मुलगा विश्वविजेता झाला आणि डोळे पुसत पुसत सगळी मोहरी पुन्हा आपापल्या घरांत लावत बसला. माझ्या मुलांना मी तो व्हिडिओ दाखवतो तो जिंकण्यासाठी नाही, मोहरी लावण्यासाठी. आणि डिंगसाठीही. विश्वविजेत्यालाही एका चालीत असं होऊ शकतं, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

रेटिंगबद्दल, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याबद्दल, थोडक्यात. मुलाचं रेटिंग ४० ने खाली आलं म्हणून रात्रभर झोप न लागलेले पालक मला भेटले आहेत. त्यामागचं गणित समजून घ्या. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पद्धतीत १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूचा गुणक (एका डावाने रेटिंग किती हलेल हे ठरवणारा आकडा) ४० असतो, नेहमीच्या प्रौढ खेळाडूचा २०. म्हणजे स्वतःएवढ्याच रेटिंगच्या खेळाडूशी हरलं तर गुणकाच्या निम्मे, म्हणजे तुमच्या मुलाचे २० जातात, मोठ्या माणसाचे १०. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण मुलं झपाट्याने बदलतात आणि आकड्याने त्यांच्यामागे धावावं लागतं. तो आकडा वर्षभर वर-खाली होणारच. दर महिन्याला तो बघून मुलाशी बोलण्याचा सूर बदलू नका. मुलांना सूर लगेच कळतो. रेटिंग जपायला म्हणून स्पर्धाच न खेळणारी दहा वर्षांची मुलं मी पाहिली आहेत, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

आणि एखाद्याला हा खेळ आवडलाच नाही, तर सोडू द्या. वर्षभर मनापासून प्रयत्न करूनही डोळ्यांत काही चमकत नसेल तर त्या मुलाला दुसरं काहीतरी चमकवेल. मी स्वतः अशा पालकांना बोलावून सांगतो. त्यात मुलाचंही अपयश नसतं आणि तुमचंही.

आता त्या मुलीचं वाक्य. ते मला चार दिवसांनी वर्गात ऐकायला मिळालं. मी पट मांडला, अठराव्या चालीपर्यंत आणला, आणि विचारलं की इथे काय वाटलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, घोडा पिन होता ना. मागे वजीर होता. तुम्हीच सांगितलंय, पिन झालेलं मोहरं हलवायचं नाही."

मी पटाकडे बघत राहिलो. समोरच्याच्या उंटाचा मारा घोड्यावर होता, घोड्यामागे त्याच रेषेत तिचा वजीर. यालाच पिन म्हणतात. घोडा हलला की उंट वजीर मारणार, म्हणून ती थांबली होती. पण घोडा शह देत हलला असता. शह म्हटल्यावर समोरच्याला आधी राजा सांभाळावा लागला असता, वजीर मारायला त्याला चालच उरली नसती. आणि घोडा बाजूला झाल्याने ज्या रेषेतून उंट वजिरावर डोळा ठेवून होता, त्याच रेषेतून वजिराने पुढच्या चालीला उंट फुकट मारला असता, त्याला कुणाचा आधार नव्हता. इंजिनाला हे दिसलं होतं. मागे राजा असताना झालेली पिन आणि मागे वजीर असताना झालेली पिन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिलीत मोहरं त्या रेषेबाहेर हलवायला नियमानेच बंदी आहे. दुसरीत बंदी नाही, फक्त धोका आहे, आणि धोका मोजता येतो. लहान मुलांना सोपं जावं म्हणून मी दोन्हींना एकच वाक्य शिकवलं होतं. त्या मुलीने ते इमानाने पाळलं आणि डाव गमावला.

चूक माझी होती, आणि ती मला कळली केवळ ती मुलगी बोलली म्हणून. ती बोलली नसती तर मी आणखी कितीतरी मुलांना तेच वाक्य देत राहिलो असतो. तिला मी तसं सांगितलं. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आता सगळ्यांना सांगा." त्या आठवड्यात मी सगळ्या वर्गांना पिनचा धडा पुन्हा दिला, दोन पट शेजारी शेजारी ठेवून.

तिच्या वडिलांशीही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. परवाच्या स्पर्धेत तिसरी फेरी संपल्यावर मी हॉलबाहेर आलो तेव्हा दोघं बाकावर बसले होते. मोबाईल खिशात होता. मध्ये घडीचा पट, तिच्या मांडीवर स्कोअरशीट. ती सातव्या चालीवर होती आणि वडील प्याद्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारू बघत होते.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "तिथे अजून पोचलो नाही आपण."

आपला,
मुलांना बुद्धिबळ शिकवणारा एक प्रशिक्षक